पावसाळ्याआधी बॅटरी तपासा, पाणी मात्र टाकीत साठवा

आभाळ भरून येण्याआधी, ऊन कडक आहे तोवरच सौर संचाची साठवण तपासून घ्यावी. दाट ढगाळ दिवशी पॅनेलची वीज एरवीच्या चौथाईवर, कधी दहाव्या हिश्श्यावर येते. अशा दिवसांत लेड-ॲसिड बॅटरी अर्धवट चार्ज अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा कडक थर धरतो आणि पुढे ऊन पडले तरी ती पूर्वीसारखी भरत नाही.

बॅटरीकडून काय काम घ्यायचे, ते आधी ठरवा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॉट-तास वीज मावते. पण लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे हाताशी राहतात ९००. ९ वॉटचे ४ एलईडी दिवे ५ तास लावले तर १८० वॉट-तास आणि १० वॉटचे कुंपणाचे झटका मशीन रात्रभर १२ तास चालले तर १२०. रोजचे ३०० झाले, म्हणजे ऊन पडले नाही तरी तीन रात्री निघतात. त्याच बॅटरीवर ३ एचपीचा पंप लावला तर हिशेबाने पंचवीस मिनिटेही पुरणार नाही.

म्हणून ओलितासाठी बॅटरी घेऊ नका, असे आमचे स्पष्ट मत आहे. ऊन असताना पंप थेट सौर पॅनेलवर चालवा आणि पाणी शेताच्या चढाच्या बाजूच्या टाकीत चढवून ठेवा. टाकी पिकापेक्षा १० मीटर उंच असेल तर ठिबकला जवळपास एक किलोचा दाब मिळतो, तोही विजेशिवाय. एवढा चढ नसेल तरी काळजी नको. पावसात ओलीत कमीच लागते, पण जनावरे, रोपवाटिका आणि फवारणी यांना साठवलेले पाणी कामी येते. टाकीवर झाकण हवेच, नाहीतर शेवाळ धरून ठिबकच्या नळ्या चोंदतात.

आता बॅटरीची तपासणी. सगळा भार बंद करून काही तास विसावू द्या, मग मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या वर दाखवले तर पूर्ण भरली, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली गेली असेल तर त्याच दिवशी चार्जिंगला लावा. डिस्टिल्ड वॉटर पूर्ण चार्ज झाल्यावर घाला, कारण चार्ज होताना पातळी वर येते आणि आधीच काठोकाठ भरले तर आम्ल उतू जाते. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र आधी त्या बुडतील एवढेच पाणी घालून मग चार्ज करा. नळाचे किंवा विहिरीचे पाणी चालत नाही. चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो. खोली हवेशीर ठेवा, जवळ विडी-काडी पेटवू नका, डोळ्यांना चष्मा लावा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, ते पाणी कप्प्यात जाऊ देऊ नका, आणि वाळल्यावर पेट्रोलियम जेली लावा.

वायर काढताना आधी पॅनेल सोडवा, मग बॅटरी. जोडताना आधी बॅटरी, नंतर पॅनेल. हा क्रम उलटला तर चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनेल आणि बॅटरीच्या मधे बसून चार्जिंग सांभाळणारे यंत्र, जळू शकतो. विजा सुरू होण्याआधी अर्थिंगची जोडणी घट्ट आहे का पाहा.

लिथियम बॅटरीला पाणी लागत नाही आणि तिची ८० टक्क्यांपर्यंत वीज वापरता येते. मात्र कंट्रोलरवर लिथियमचेच सेटिंग करून घ्या. जुनी आणि नवी बॅटरी एकत्र जोडू नका.