युद्धाच्या बातम्या ऐकून गोठ्यासाठी जमीन घेताय? या चुका टाळा

कुठेही युद्धाची ठिणगी पडली की आमच्याकडे पाहुण्यांचे फोन सुरू होतात. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाचे रणगाडे युक्रेनमध्ये शिरले तेव्हा झाले, मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या आठवड्यात पुन्हा झाले. बोलणं तेच. शेअर पडलेत, सोनं आवाक्यात राहिलं नाही, दूध तर लोक युद्धातही पितात, मग नगर जिल्ह्यात संगमनेर-अकोले तालुक्यांकडे चार-पाच एकर घेऊन वीस गायींचा गोठा टाकला तर? टाका की. फक्त सौदा आठ दिवसांत उरकायची घाई असते, आणि जमिनीच्या दलालाला ती घाई फोनवरूनच कळते.

विहिरीत पाणी दिसलं म्हणजे पाणी आहे असं समजणं

ही माझी सर्वात नावडती चूक. आमच्या मावसभावाचे जावई पुण्यात आयटीत आहेत. 2022 च्या पावसाळ्यात त्यांनी पठार भागात जमीन बघितली. विहीर काठोकाठ भरलेली, बांधावर घास वाढलेला, समोर हिरवा डोंगर. बागायताच्या भावाने खरेदीखत झालं. खतात एक ओळ होती, ‘विहिरीत चार आणे हिस्सा’. वकिलाने वाचून दाखवली, यांनी मान डोलावली.

चार आणे म्हणजे चार दिवसांतून एकदा पाण्याची पाळी. त्यात शेतीपंपाची वीज आठ तास, कधी दिवसा कधी रात्री. पाळीच्या दिवशीच डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाला तर पुढची पाळी येईपर्यंत गप्प बसायचं. उसाला ते चालतं, गायीला कसं चालेल? एचएफ (होल्स्टिन, जास्त दुधाची संकरित) गाय उन्हाळ्यात पिण्याला आणि धुण्याला मिळून रोज शंभर लिटरच्या आसपास पाणी घेते. वीस गायींचे दोन हजार लिटर, रोज. मार्चमध्ये विहिरीने तळ दाखवला आणि जावयांनी टँकर लावला. बाकीच्या तीन हिस्सेदारांपैकी एकाने शेजारीच बोअर मारलं, त्यावरून भाऊबंदकीतलं जुनं भांडण उकरून निघालं आणि त्यात हे पुण्याचे पाहुणे सापडले. शेवटी गायी विकल्या. जमीन अजून आहे. तिच्यात हरभरा होतो, तोही पाऊस बरा झाला तर.

दलालाने त्यांना ‘कॅनॉल येतोय’ हेही ऐकवलं होतं. आमच्याकडे हे वाक्य वडिलोपार्जित आहे. आमच्याकडचा निळवंडे धरण प्रकल्प 1970 मध्ये मंजूर झाला आणि कालव्यात चाचणीचं पाणी 2023 मध्ये सुटलं. मधल्या काळात ‘येतोय’ म्हणून किती जमिनी विकल्या गेल्या असतील, विचार करा. आणि जावयांची जमीन तर लाभक्षेत्राच्या नकाशातच नव्हती.

माझी सवय अशी: जमीन मे महिन्यात बघायची. दुपारी विहिरीवर जाऊन मोटर चालू करायला सांगायची आणि पाणी उपसेपर्यंत तिथेच बसायचं. मालक टाळाटाळ करत असेल तर चहा पिऊन घरी यायचं. पावसाळ्यात बघून जमीन घेणाऱ्यांची मला आता कीवही येत नाही.

युद्धाचा भाव कायमचा भाव समजणं

‘युद्धात अन्न महाग होतं, म्हणजे दूध महाग होणार’ एवढंच गणित लोक मांडतात. अहो, गायही खाते. युक्रेन मका आणि सूर्यफुलाचा मोठा निर्यातदार. पोटॅश खत बरंचसं रशिया-बेलारूसकडून येतं. 2022 मध्ये पोटॅशचं पोतं 1700 रुपयांवर गेलं, सरकी पेंड आणि मका चढले, डिझेल होतंच. त्याच साली लम्पी (जनावरांचा साथीचा त्वचारोग) आला आणि जनावरांचे बाजार बंद पडले. दुधाचा दर पुढे वाढला खरा, जुलै 2023 मध्ये सरकारने गायीच्या दुधाला 34 रुपये ठरवून दिले. काही महिन्यांत भुकटीचे भाव पडले आणि डेअऱ्या सत्तावीसच्या आसपास आल्या. मग लिटरमागे 5 रुपये अनुदान आणावं लागलं. पेंडीचं पोतं मात्र आमच्याकडे फारसं खाली आलं नाही.

जुनं उदाहरण न्यूझीलंडचं. पहिल्या महायुद्धात तिथलं चीज-लोणी ब्रिटिश सरकार ठरलेल्या भावाने उचलायचं. चराऊ जमिनींचे भाव चढत गेले, परतलेल्या सैनिकांनीही सरकारी कर्ज काढून त्याच चढ्या भावाने जमिनी घेतल्या. 1921 मध्ये बाजार कोसळला. हप्ते मात्र तेजीतल्या भावावर बसवलेले होते, कित्येकांना शेत सोडून जावं लागलं.

म्हणून मी हिशेब 25 रुपये लिटरने मांडतो आणि पेंड आजच्या भावाने धरतो. तेवढ्यात दहा दिवसांच्या दुधाच्या पगारातून (डेअरी दर दहा दिवसांनी देते त्या पैशांतून) चारा, डॉक्टर, गडी भागत असेल तरच पुढचं बोलायचं. बँकेचा हप्ता दुधातून फिटेल असं कोणी म्हणालं तर त्याला विचारा, भाकड गायींचे महिने धरलेत का? बहुतेकांनी धरलेले नसतात. जमीन वीस वर्षांत वाढेल हे मीही मानतो. गोठा त्या वीस वर्षांत रोज खातो.

सातबारा बघितला, बास

सातबारा हा आजचा फोटो. जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, काढा, निदान तीस वर्षांचे. भोगवटादार वर्ग 2 (सरकारी अटी असलेली जमीन) असेल तर सरकारची परवानगी आणि नजराणा, म्हणजे त्यासाठी भरायची रक्कम, आलाच. देवस्थान इनाम, पुनर्वसन, कूळकायद्याची शर्त असे शेरे ‘इतर हक्क’ रकान्यात दिसले की सौदा थांबवा. ‘ते नंतर कमी करून देतो’ म्हणणाऱ्यालाच आधी कमी करून आणायला सांगा. बहिणींच्या सह्या घ्या, सगळ्यांच्या, अगदी ‘ती काही मागत नाही’ अशा बहिणीचीही. सोसायटीच्या कर्जाचा बोजा, सरकारी मोजणी, पेपरात जाहीर नोटीस: यात वेळ जातो, जाऊ द्या. युद्ध थांबेल म्हणून कोणी घाई करू नये. जमीन कुठे पळून जात नाही.

शेतकरी नसताना जमीन घेणं

महाराष्ट्रात चालत नाही. दाखला नसेल तर दुसऱ्याच्या नावावर घेण्याचा सल्ला देणारे भेटतील. त्या दुसऱ्याची मुलं मोठी झाली की काय होतं ते कोर्टात जाऊन बघा. परदेशातल्या मंडळींसाठी: अनिवासी भारतीय किंवा ओसीआय म्हणून शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने येऊ शकते.

पाच मित्र मिळून पाच-पाच गुंठे

तुकडेबंदी, म्हणजे ठरलेल्या क्षेत्राहून लहान तुकड्याची खरेदी होत नाही. 2023 पासून किमान क्षेत्र बागायताला 10 गुंठे, जिरायताला 20. आणि पाच मालकांचा गोठा मी तरी चाललेला बघितला नाही.

रस्ता न बघणं

तुमची बुलेट गेली म्हणजे रस्ता आहे असं नव्हे. मुरघासाचा (मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याचा) ट्रक आणि दुधाची गाडी पावसाळ्यात आत येते का ते विचारा. वहिवाटीचा रस्ता खतात लिहून घ्या. नाहीतर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली अर्ज करून तारखा मोजत बसाल, आणि तोवर दूध डोक्यावरून फाट्यावर न्यायचं.

चाऱ्याचं क्षेत्र गोठ्यात घालवणं

ओलिताच्या एकरात चार-पाच गायींचा हिरवा चारा निघतो. वीस गायींना चार-पाच एकर चाऱ्यालाच लागले. हौशी लोक त्यातूनच फार्महाऊस, कमान आणि पार्किंग काढतात, मग चारा विकत. विकतच्या चाऱ्यावर चाललेला गोठा युद्धात सगळ्यात आधी बसतो.

जमिनीबरोबर गायी ‘पॅकेज’मध्ये घेणं

घेऊ नका. अशा सौद्यात चांगल्या गायी आदल्या महिन्यात विकलेल्या असतात आणि उरलेल्या चौथ्या-पाचव्या वेताच्या. घ्यायच्याच असतील तर मालकाकडे मुक्कामाला जा. संध्याकाळची आणि सकाळची, दोन्ही धारा समोर काढायला लावा, दूध स्वतः मोजा, सड दाबून बघा. मालक म्हणेल, ‘नवीन माणूस बघून गाय पान्हा चोरते’. मग तिसरी धारही बघूनच निघा.