घरचा मीडिया सर्व्हर: आवाज नको, वीजही कमी
जुना डेस्कटॉप मीडिया सर्व्हर (घरातल्या टीव्ही-फोनला सिनेमे पुरवणारा संगणक) म्हणून दिवसरात्र चालू ठेवला की पंखा घरघरतो आणि वीजबिल वाढतं. सतत ५० वॅट म्हणजे वर्षाला ४३८ युनिट; १० वॅट असेल तर जेमतेम ८८.

१. इंटेल एन१०० सारख्या ६ वॅट टीडीपीच्या (टीडीपी म्हणजे प्रोसेसर किती उष्णता काढतो त्याचं माप) प्रोसेसरचा, बिनपंख्याचा मिनी पीसी घ्या. त्यात क्विक सिंक (व्हिडिओचं काम करणारा इंटेलचा वेगळा भाग) आहे, त्यामुळे ट्रान्सकोडिंगचा, म्हणजे टीव्ही-फोनला चालेल अशा स्वरूपात व्हिडिओ बदलण्याचा, भार सीपीयूवर पडत नाही. माझ्या मते कोअर मोजण्याआधी हेच बघावं. जेलीफिन (मीडिया सर्व्हरचं मोफत सॉफ्टवेअर) वापरत असाल तर हार्डवेअर ट्रान्सकोडिंग सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू करावं लागतं.

२. सिस्टिम एसएसडीवर, सिनेमे हार्ड डिस्कवर. डिस्कखाली रबराचा तुकडा ठेवा, थरथर टेबलात उतरत नाही.

बिनपंख्याचा पीसी बंद कपाटात मात्र ठेवू नका, तापतो.