थेरपिस्टची वेबसाईट: मराठवाड्यात प्रॅक्टिस करणाऱ्यांसाठी काही कामाच्या गोष्टी

मी संभाजीनगरात वेबसाईट बनवायचं काम करतो, त्यात समुपदेशक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सायकियाट्रिस्ट अशा लोकांची कामं बरीच येतात, लातूर, नांदेड, बीड, परभणीकडची पण. जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो, गूगलवर वरती कसं यायचं. तो प्रश्न बरोबरच आहे पण दुसऱ्या नंबरचा आहे. आधी हे बघा की वेबसाईट उघडणारा माणूस कोण आहे आणि कोणत्या वेळेला ती उघडायलाय.

आपल्याकडं गुडघ्याच्या डॉक्टरचं नाव माणूस लग्नाच्या पंगतीत बसून विचारतो, दाताचं तर कुणालाही विचारतो, पण रात्र रात्र झोप लागेना, छातीत धडधड व्हायलीय, पोरगी कुणाशी बोलायनाच झालीय, हे विचारायचं कुणाला? घरचे झोपले की तो मोबाईल काढतो आणि गूगलला विचारतो. तेव्हा तुमचं क्लिनिक बंद असतं, फोन उचलायला कुणी नसतं, जे काही बोलायचं ते तुमच्या वेबसाईटनंच बोलायचं असतं, आणि त्या दहा-पाच मिनिटांत तो ठरवतो की उद्या फोन करायचा का राहू द्यायचं. म्हणून वेबसाईट त्या माणसासाठी लिहा, तुमच्या प्रोफेशनमधल्या लोकांसाठी नको.

पहिल्या स्क्रीनवर काय लिहायचं

बहुतेक साईटवर वरती असतं, "आम्ही समग्र मानसिक आरोग्य सेवा पुरवतो, सीबीटी, आरईबीटी, माइंडफुलनेस". औशाच्या किंवा गेवराईच्या माणसाला ह्या उपचारपद्धतींच्या नावांतलं काही कळत नाही, आणि कळलं नाही की तो मागं जातो. त्याऐवजी असं काहीतरी लिहून बघा:

"झोप लागत नाही, सारखी भीती वाटते, घरात रोज भांडणं होतात, दारू सुटत नाही, मूल अभ्यासाला बसत नाही, अशा गोष्टींसाठी लोक माझ्याकडे येतात. तुम्ही जे बोलाल ते गुप्त राहतं. एक सेशन साधारण पाऊण तासाचं असतं, फी अमुक रुपये."

त्याच्या खाली फोनचं बटण आणि व्हॉट्सअॅपचं बटण, बस. लोक सर्च पण ह्याच शब्दांत करतात, "झोप येत नाही काय करावं", "नवरा दारू पितो उपाय", कुणी मराठी इंग्रजी अक्षरात टाईप करतं, कुणी बोलून शोधतं, त्यामुळं साधी बोलायची भाषा ठेवली की गूगलचं काम पण त्यातच बरंचसं होऊन जातं.

फी लिहायला खूप जण कचरतात. मला वाटतं ती लिहिलीच पाहिजे, कारण आपल्याकडं फी विचारायची लाज वाटते म्हणून फोनच न करणारे लोक लई आहेत. पहिल्या सेशनची वेगळी असेल, विद्यार्थ्यांना कमी घेत असाल, तर ते पण स्पष्ट टाका. सायकियाट्रिस्ट असाल तर एक लक्षात ठेवा, पेशंट ओढण्यासाठी जाहिरात करणं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत बसत नाही, पण फी जाहीर करायला तिथं मनाई नाही. "मराठवाड्यातले नंबर एक", "शंभर टक्के बरे करू" असली वाक्यं मात्र डॉक्टर असो वा समुपदेशक, कुणीच टाकू नयेत.

मग तुम्ही नेमके कोण ते सांगा. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढं मानसोपचारात शिकलेला डॉक्टर, तो गोळ्या देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं म्हणजे आरसीआयकडं असते, तो नंबर साईटवर टाका. समुपदेशक असाल तर शिक्षण काय, अनुभव कशातला, आणि गोळ्यांची गरज वाटली तर तुम्ही कुणाकडं पाठवता हे लिहा. लोकांना हा फरक माहीत नसतो, दोन ओळींत कळला तर चुकीच्या दारात येऊन परत जायची वेळ त्यांच्यावर येत नाही.

"पहिल्या दिवशी काय होतं" हे पान

साईटवर एकच जास्तीचं पान करायची ताकद असेल तर हे करा. गोळ्या सुरू होतील का, शॉक देतात का, घरच्यांना फोन करतील का, नोकरीत किंवा लग्नाच्या वेळी कळेल का, ह्या भीतीपायी माणूस वर्ष वर्ष थांबतो. एकेका प्रश्नाला तीन-चार ओळींत सरळ उत्तर द्या. आल्यावर कुठं बसायचं, फॉर्म भरायचा का, सोबत कुणाला आणलं तर चालतं का, बोलता बोलता रडायला आलं तर काय, पुढच्या वेळी यायलाच पाहिजे का. गुप्ततेबद्दल लिहिताना हेही सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात पेशंटला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे, आणि त्याला अपवाद कुठं येतो तेही लिहा, जसं की कुणाच्या जिवाला धोका असेल तेव्हा. अपवाद लपवला तर नंतर विश्वास तुटतो.

अजून एक. आपल्याकडं बरेच जण आधी देवऋष्याकडं, भगताकडं, दर्ग्यात जाऊन आलेले असतात. साईटवर त्याची टिंगल करणारे लेख टाकू नका. "आधी कुठंही दाखवलं असेल तरी संकोच न करता सांगा" एवढं वाक्य पुरतं, आणि त्या एका वाक्यानं आई-बापाला केवढा धीर येतो ते त्यांच्याशी बोलल्यावरच कळतं.

गुपित ठेवायची खरी तयारी

ह्या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो कारण छोट्या गावात, तालुक्याच्या ठिकाणी सगळे एकमेकाला ओळखतात. घरात एकच मोबाईल चार जण बघतात, म्हणून साईटचं नाव आणि ब्राउझरच्या हिस्ट्रीत दिसणारं टायटल साधं ठेवा, "मनोरुग्ण उपचार केंद्र" असं दिसलं तर सून सासऱ्याच्या भीतीनं ते पान परत उघडणारच नाही. यूपीआयच्या नोंदीत जे नाव दिसतं ते पण तसंच साधं असू द्या, नवऱ्यानं फोनमधले व्यवहार बघितले तर विषय तिथंच निघतो.

अपॉइंटमेंटच्या फॉर्ममध्ये "तुमचा त्रास सविस्तर लिहा" असा रकाना नको. नाव (टोपणनाव चालेल), नंबर, आणि दोन प्रश्न: कोणत्या वेळी फोन केला तर चालेल, आणि फोन दुसऱ्या कुणी उचलला तर आम्ही काय सांगायचं. हा दुसरा प्रश्न छोटा दिसतो पण बायकांसाठी फार मोठा आहे. व्हॉट्सअॅपच्या बटणात मेसेज आधीच लिहून ठेवता येतो, "नमस्कार, मला वेळ पाहिजे होती" एवढाच ठेवा, म्हणजे पहिला शब्द काय टाकायचा ह्यात माणूस अडकत नाही.

ऑनलाईन बुकिंग लावलं तर दोन सेशनच्या मध्ये पंधरा-वीस मिनिटं मोकळी ठेवा आणि तसं साईटवर लिहा, "दोन लोक समोरासमोर येणार नाहीत अशी वेळ देतो". जिन्याला दुसरा रस्ता असेल तर तोही सांगा.

आणि फेसबुकचा पिक्सेल किंवा तसले जाहिरातीचे ट्रॅकर, म्हणजे साईटवर कोण आलं ते जाहिरात कंपनीला कळवणारा कोड, थेरपीच्या साईटवर लावू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. अमेरिकेत बेटरहेल्प ह्या ऑनलाईन थेरपीच्या कंपनीनं लोकांची माहिती जाहिरातीसाठी फेसबुक वगैरेंना दिली म्हणून २०२३ मध्ये तिथल्या सरकारी आयोगानं कारवाई केली, ७८ लाख डॉलर भरायचं ठरलं. आपल्याकडं पण डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आलाय, त्यात माहिती घेताना स्पष्ट संमती घ्यायची आहे आणि ती सूचना मराठीत वाचायची सोय द्यायची आहे, अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते. तेव्हा फॉर्मखाली चार सोप्या ओळी मराठीत लिहा, ही माहिती कशाला घेतो, कुठं राहते, पुसून पाहिजे असेल तर कुणाला सांगायचं.

लातूर आणि परीक्षेचे महिने

लातूरला असाल तर विद्यार्थ्यांसाठी एक पान आणि पालकांसाठी दुसरं पान करा, दोन्ही एकात घालू नका. पोरगं हॉस्टेलवर राहून नीटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करायलंय, त्याला वाचायचंय की "टेस्टमध्ये मार्क कमी आले की पोटात गोळा येतो, हे माझ्याच बाबतीत होतं का". बाप तिकडं हिंगोलीत बसून शोधायलाय, "मुलगा फोन उचलत नाही, घरी यायचं म्हणतो, काय करू". दोघांची भीती वेगळी, शब्द वेगळे. नीट साधारण मे महिन्याच्या सुरुवातीला असते, त्याच्या आधी बारावीची बोर्डाची परीक्षा, म्हणून ही पानं दिवाळीनंतर लगेच टाकून ठेवा, गूगलला ओळख पटायला वेळ लागतो. निकालाच्या आठवड्यात संध्याकाळच्या जास्तीच्या वेळा देत असाल तर ते वरतीच पट्टीवर लिहा.

ऑनलाईन सेशन देत असाल तर ते पण ठळक सांगा. पुण्यात नोकरीला गेलेली आपली पोरं मराठवाड्याच्या बोलीत बोलणारा माणूस शोधत असतात, बीडची कुटुंबं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, बाकी कुणाला किनवटहून नांदेडला दर आठवड्याला येणं परवडत नाही. "घरात जागा नसेल तर शेतात, गाडीत बसून बोललं तरी चालतं, नेटवर्क गेलं तर आम्ही साधा फोन लावतो" असं लिहिलेलं असलं की माणसाला मार्ग दिसतो.

बाकीची कामं

गूगल बिझनेस प्रोफाईल, म्हणजे गूगलवर नाव शोधलं की पत्ता, फोन, वेळा दाखवणारी पेटी, फुकट आहे, ते करा, पत्त्यात बसस्टँडपासूनची खूण द्या. रिव्ह्यू मागू नका, कारण रिव्ह्यू देणारा माणूस स्वतःच्या नावानं जगाला सांगत असतो की मी थेरपीला जातो. कुणी स्वतःहून वाईट लिहिलं तर उत्तरात तो तुमच्याकडं आला होता हे कबूल पण करायचं नाही, "गोपनीयतेमुळे इथे बोलू शकत नाही, कृपया क्लिनिकला फोन करा" एवढंच.

डीटीपीवाल्याकडून मजकूर करून घेतला असेल तर तो युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाईलवर दिसणाऱ्या मराठी अक्षरांत, आहे का बघा, जुन्या फॉन्टमधला किंवा फोटो करून टाकलेला मजकूर गूगलला नीट वाचता येत नाही. पान हलकं ठेवा, व्हिडिओ आपोआप सुरू होऊ देऊ नका, रात्री शांत घरात मोबाईलमधून एकदम आवाज आला तर काय होईल विचार करा. डोकं धरून बसलेल्या परदेशी माणसाचे फोटो काढून टाका, स्वतःचा एक साधा फोटो आणि बसायच्या खोलीचा एक, पुरे. डोमेन, म्हणजे साईटचा पत्ता, स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घ्या, वेबसाईटवाल्याच्या नको, हे मी स्वतः वेबसाईटवाला असून सांगतोय.

प्रत्येक पानाच्या खाली टेली-मानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा नंबर १४४१६ टाका, तो सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करायचा विचार येत असेल तर सकाळपर्यंत थांबू नका, आत्ता ह्या नंबरवर बोला, तातडीचं असेल तर ११२, असं स्पष्ट लिहा. तुम्ही रात्री फोन घेत नसाल तर तेही तिथंच सांगा.

साईट चालतेय का हे बघायला फार आकडेमोड नको, नवीन येणाऱ्याला "आमच्याबद्दल कुठून कळलं आणि साईटवर काय वाचून यावंसं वाटलं" एवढं विचारून वहीत लिहित जा. तीन-चार महिन्यांनी वही उघडली की कोणतं पान काम करतंय ते दिसतं, आणि ज्या प्रश्नासाठी लोक सारखा फोन करतात त्याचं उत्तर साईटवर नाही हेही दिसतं. सुट्टी घ्यायची असेल, दिवाळीची असो की घरच्या लग्नाची, तर दोन दिवस आधीच गूगलवरच्या वेळा, व्हॉट्सअॅपचा ऑटो रिप्लाय आणि साईटवरची पट्टी तिन्ही बदला, किनवटहून एसटीनं आलेल्या माणसाला दाराला कुलूप दिसलं तर तो परत येईलच असं नाही.