फौजी सहलींच्या मंडळाचं अध्यक्षपद: नव्यानं येणाऱ्यांसाठी

आमचं मंडळ म्हणजे संभाजीनगरातली नोकरदार माणसं. वाळूजच्या कंपन्यांतले सुपरवायझर, काही शिक्षिका, विद्यापीठातली पोरं, दाताचे एक डॉक्टर आणि मोजके माजी सैनिक. महिन्यातला एखादा रविवार ठरवायचा आणि रणांगण, किल्ला, रणगाडे, नेमबाजी असं काहीतरी फौजी पाहायला जायचं. गेलं वर्षभर मी या मंडळाची अध्यक्ष होते. बाई अध्यक्ष झाली म्हणून सुरुवातीला काहींच्या भुवया वर गेल्या, पण पहिल्याच सहलीत स्वच्छतागृहाची सोय बस ठरवण्याआधी विचारली गेली तेव्हा त्या खाली आल्या. तुमच्या गावात कुणी असं मंडळ चालवायला घेत असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

लोक पहिल्यांदा येतात ते हौसेनं. फौजी छापाचा टी-शर्ट, काळा गॉगल, फोटो. त्यात वाईट काही नाही. पण दुसऱ्यांदा येतात ते का, हा अध्यक्षाचा खरा प्रश्न. मला जे जमलं ते एवढंच: प्रत्येक सहलीला एकच प्रश्न घेऊन जायचं आणि तो बसमध्येच सगळ्यांना सांगायचा. उत्तर मात्र जागेवर पोचेपर्यंत द्यायचं नाही.

देवगिरीचं पाहा. सगळ्यांनी शाळेच्या सहलीत एकदा तरी पाहिलेला किल्ला, त्यामुळे ‘परत तिथंच?’ अशी कुरकुर ठरलेली. आम्ही प्रश्न असा घेतला: कातळ तासून सरळ उभा केलेला डोंगर, भोवती खंदक, आत शिरायला वटवाघळांनी भरलेली अंधारी भुयारी वाट, मग हा किल्ला पडलाच कसा? खंदकाच्या पुलावर उभं राहून सगळ्यांनी हल्ला कुठून करता येईल ते शोधलं. कुणालाच वाट सापडेना. वर मेंढा तोफेपाशी बसल्यावर १२९६ ची हकीकत काढली. अलाउद्दीन खलजी आला तेव्हा इथला यादव राजा रामदेवराय याची मुख्य फौज बाहेर होती, आणि किल्ल्यात घाईनं भरलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघालं, अशी परंपरेनं चालत आलेली कथा आहे. १६३३ मध्ये मोगलांनी वेढा घातला तेव्हाही आतल्यांना उपासमारीनंच जेरीस आणलं. म्हणजे कातळ हरला नाही, कोठार हरलं. वाळूजमध्ये स्टोअर सांभाळणारा आमचा एक सभासद यावर जे बोलायला लागला ते खाली उतरेपर्यंत थांबला नाही. इतिहासाच्या पुस्तकाला कधी हात न लावलेला माणूस, पण साठा, आवक, तपासणी हे त्याचं रोजचं काम.

तिथून माझ्या डोक्यात वर्षाची आखणी बसली. मराठवाड्यातली लढाई बघायची तर तलवारीआधी पाणी आणि दाणा बघायचा. आपल्या भागाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

वैजापूर तालुक्यातलं पालखेड घ्या. फेब्रुवारी १७२८ मध्ये बाजीरावानं निजामाला इथं गाठलं. मोठी हातघाई झालीच नाही. निजामाची फौज रसदेपासून आणि पाण्यापासून तोडली, एवढंच केलं, आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. तिथं पाहायला बुरूज नाही की तोफ नाही, नुसती रानं. म्हणून ही सहल नवख्या अध्यक्षानं पहिल्या तीन-चार महिन्यांत घेऊ नये. मंडळ मुरल्यावर, लोकांना रिकामं रान वाचायची सवय लागल्यावर घ्यावी. गेवराई तालुक्यातलं राक्षसभुवन त्यापेक्षा सोपं, कारण तिथं गोदावरी आहे. १० ऑगस्ट १७६३ ला निजामाची अर्धी फौज नदी उतरून गेली होती आणि अर्धी याच काठावर होती. थोरल्या माधवरावांनी नेमकी ही मागे राहिलेली अर्धी गाठली. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथंच पडला. ऑगस्टमध्ये गेलात तर पात्राकडे बघूनच सगळं कळतं, फक्त कुणाला काठाच्या खाली उतरू देऊ नका.

पण एकच सहल करायची असेल तर असई. जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात. २३ सप्टेंबर १८०३. शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची फौज एका बाजूला, इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली दुसऱ्या बाजूला. पुढे नेपोलियनला हरवून ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगभर गाजला तोच हा. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातली जमीन. शिंद्यांकडे शंभराच्या आसपास तोफा आणि पाश्चात्त्य पद्धतीनं कवायत केलेल्या पलटणी, त्यांचा मुख्य अधिकारी जर्मनीतल्या हॅनोव्हरचा पोलमन. वेलस्लीजवळ प्रत्यक्ष लढाईत साडेचार हजारांच्या आसपास माणसं, आणि त्यातलेही बरेचसे मद्रासचे शिपाई.

प्रश्न हा: नदी कुठून ओलांडायची? वाटाड्यांनी सांगितलं, उतार, म्हणजे पायी ओलांडायची जागा, नाही. वेलस्लीनं दुर्बिणीतून पाहिलं, तर केळणेच्या दोन काठांवर दोन गावं समोरासमोर. त्याचा तर्क असा की समोरासमोरच्या गावांत येणंजाणं असणारच, म्हणजे उतार असणारच. उतार खरंच निघाला, आणि वेलस्लीनं आपली फौज बाजूनं आत घातली. आमच्या सभासदांना मी हे न सांगता काठावर उभं केलं आणि विचारलं, तुम्ही कुठून गेला असता? पूल सोडून बोला म्हटलं. खेड्यात वाढलेल्या दोघींनी गावं बघितल्या बघितल्या उत्तर दिलं. इंजिनिअर लोक खोलीचा अंदाज बांधत बसले होते.

शेतातून एक आजोबा बांधावर आले. ‘काय पाहू राहिले म्याडम? इथं तर काहीच नाही.’ मग त्यांनीच नदीला कुठं किती पाणी येतं, बैलगाडी पूर्वी कुठून नेत, हे दाखवलं. अध्यक्षानं अशा वेळी हातातला कागद खिशात घालावा. स्थानिक माणूस बोलायला लागला की तुमची माहिती नंतर कधीही सांगता येते. मात्र कापूस, मका उभा असतो, तेव्हा रानात शिरण्याआधी मालकाला विचारा, आणि तीस माणसं बांधावरून एका रांगेत चालतील याची जबाबदारी एकाला नेमून द्या.

आमचे सुभेदार साहेब तोफखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी तिथं उभं राहून तोफेतून गोळ्याऐवजी छर्रे भरून मारले की समोरच्या रांगेचं काय होतं ते सांगितलं, आवाज न चढवता. वेलस्लीची दीड हजारांवर माणसं त्या दुपारी मेली किंवा जखमी झाली, हा आकडा तोवर नुसता आकडाच होता. मद्रास रेजिमेंटच्या चिन्हात असईचा हत्ती आजही आहे, हेही त्यांच्याचकडून कळलं. मग बसमध्ये वाद पेटला: हा अभिमानाचा हत्ती की दुःखाचा? दोन्ही बाजूंनी आपलीच माणसं होती ना. मी वाद मिटवला नाही. परतीच्या बसमध्ये झोप उडवणारा वाद हे सहल जमल्याचं लक्षण मानते.

माजी सैनिकांविषयी थोडं सविस्तर सांगते, कारण इथं नवखे अध्यक्ष हमखास अवघडतात. त्यांना ‘प्रमुख पाहुणे’ करून हार घालू नका, सभासद म्हणून वर्गणी घ्या. त्यांना ते आवडतं. ‘तुम्ही किती जणांना मारलं?’ असं कुणी पोर विचारणारच. तो प्रश्न बसमध्ये चढण्याआधीच बंद करून टाका. त्याऐवजी रेशन काय मिळायचं, सुट्टीची गाडी चुकली की काय करायचे, घरचं पत्र किती दिवसांनी यायचं, हे विचारा. तासभर कुणी हलत नाही. आणि वेळ पाळा. सहाची बस म्हणजे साहेब पावणेसहाला हजर असतात. सव्वासहाला डुलत येणाऱ्यांकडे ते काही बोलत नाहीत, नुसतं बघतात, पण तेवढं पुरतं.

सगळ्यात जपून करायची सहल धाराशिव जिल्ह्यातल्या नळदुर्गची. बोरी नदी, पाणी महाल, नर-मादी धबधबे हे सगळे बघतात. आम्ही गेलो ते १३ सप्टेंबर १९४८ साठी. त्या पहाटे निजामाच्या हैदराबाद संस्थानावरच्या कारवाईसाठी भारतीय सैन्य सोलापूरकडून हैदराबादच्या रस्त्यानं निघालं आणि नळदुर्गचा बोरीवरचा पूल शाबूत ताब्यात आला. पूल उडाला असता तर पुढचं वेळापत्रकच कोलमडलं असतं. म्हणजे पुन्हा नदीच. याच दिवशी नळदुर्गला शीख रेजिमेंटचे हवालदार बचित्तर सिंग मांडीत गोळ्या लागलेल्या असताना सरपटत पुढे गेले आणि हातबॉम्ब टाकून त्यांनी मशिनगनचा मोर्चा शांत केला. त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. आपल्याकडे १७ सप्टेंबरला, मुक्तिदिनाला, झेंडावंदन होतं, भाषणं होतात, पण हे नाव आमच्या बसमधल्या फार थोड्यांना ठाऊक होतं.

जपून अशासाठी की हा इतिहास घराघरांतला आहे. कुणाच्या आजोबांनी रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या, भीतीनं गाव सोडलेलं असतं. कुणाच्या घरात या लष्करी मोहिमेनंतरच्या, म्हणजे ‘पोलीस कारवाई’नंतरच्या, दिवसांची आठवण असते, आणि ती आठवण बोलायला सोपी नसते. आमच्या मंडळात दोन्ही घरांतली माणसं आहेत. मी नियम केला: घोषणा नाहीत, आणि ज्याला सांगायचं आहे त्यानं आपल्या घरात ऐकलेलं सांगायचं, मोबाइलवर आलेलं नाही. एवढ्या एका नियमानं त्या दुपारचा सूर बदलला. ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी नळदुर्गला धबधबे बघून यावं, तेही सुंदर आहेत.

अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय ही मात्र बिनधास्त सहल. फेब्रुवारी १९९४ मध्ये सुरू झालेलं, चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्राच्या आधारानं चालणारं. रोल्स-रॉईसची चिलखती गाडी, मटिल्डा, सेंच्युरियन, आपला विजयंता, १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून हाती लागलेला पॅटन. लहान मुलं असलेल्या सभासदांना इथंच न्या. सगळ्यांनी मूळ ओळखपत्र ठेवायचं, वेळ आधी फोन करून विचारायची, आणि ड्रोनवाला उत्साही सभासद असेल तर त्याचं ड्रोन घरीच.

कपड्यांचं इथंच सांगते. सैनिक वाटावं अशा हेतूनं सैन्याचा गणवेश किंवा खुणा घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. सैन्याचा २०२२ मध्ये आलेला नवा नक्षीचा लढाऊ गणवेश तर बाहेर विकायलाही नाही. आम्ही मंडळाचा साधा मेंदी रंगाचा टी-शर्ट केला. फोटोही बरे येतात.

नेमबाजी आणि पेंटबॉल यांत मला निवडायला सांगाल तर नेमबाजी. दहा मीटरवरच्या एअर रायफलच्या निशाणावर दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटर असतो. पहिल्या छऱ्यानंतर सगळ्यांची बडबड आपोआप थांबते. पेंटबॉल वर्षातून एकदा, तरुण पोरांच्या समाधानासाठी.

जेवणाचा प्रश्न आम्ही डब्यांवर सोडवला: धपाटे, शेंगाची चटणी, ठेचा, दही. थंडीत हुरडा. पावसात कुठं जाता आलं नाही तर शहरातच नान-खलिया. तुघलकाच्या फौजेबरोबर तो इकडे आला असं सांगतात, त्यामुळे तीही आमच्या हिशेबी फौजी सहलच. शाकाहारी मंडळींनी याला हरकत घेतली होती, ती नोंद इतिवृत्तात आहे.

पैशांबाबत एकच धोरण: पैसे जमा झाल्याशिवाय यादीत नाव नाही. ‘मॅडम, माझं धरून चला’ म्हणणारा प्रेमळ माणूसच आदल्या रात्री लग्न निघालं म्हणून कळवतो, आणि सतरा सीटची गाडी अर्धी रिकामी जाते. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला निधी गोळा करायचा असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फतच करा आणि पावती मंडळाच्या फायलीत लावा. सैनिकांच्या नावानं गोळा केलेल्या पैशाबद्दल शंका यायला कारणसुद्धा लागत नाही.

एप्रिल-मेमध्ये कुणालाही उन्हात नेऊ नका. त्या दोन महिन्यांत हिशेब, वर्गणीची उधारी आणि प्रथमोपचार पेटीतली मुदत संपलेली औषधं काढून टाकणं, एवढं उरकतं. नव्या अध्यक्षाची निवड जूनच्या आतच करा, म्हणजे असईची गाडी, रानमालकाची परवानगी आणि सुभेदार साहेबांची तारीख पक्की करायला त्याला सप्टेंबरपर्यंत वेळ मिळतो.