मानहाइमला येताय? आधी नदी समजून घ्या

नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी जर्मनीतल्या मानहाइमला येणाऱ्या मराठी मंडळींचा पहिला गोंधळ पत्त्यापाशी होतो. भाडेकरारावर नुसते ‘क्यू 5, 14’ लिहिलेले असते आणि रस्त्याचे नाव छापायचे राहिले की काय, असे वाटते. 1607 मध्ये नगराचा दर्जा मिळालेल्या या शहराचा मध्यभाग जाळीसारखा आखलेला आहे आणि तिथे रस्त्यांना नव्हे, तर चौकोनी भूखंडांना नावे आहेत. राजवाड्याकडे पाठ करून मुख्य रस्त्यावर उभे राहिलात, की डावीकडे ए ते के आणि उजवीकडे एल ते यू या ओळी लागतात. त्या रस्त्यापासून जसजसे दूर जावे, तसतसा अक्षरापुढचा आकडा वाढतो; स्वल्पविरामानंतरचा आकडा घराचा. पहिल्याच रविवारी हे पायी फिरून पाहावे. जी 1 मधल्या बाजारचौकालगत तुर्की दुकाने आहेत, तिथे कोथिंबिरीची ताजी जुडी मिळते.

हे शहर मोठे केले ते ऱ्हाइन आणि नेकार यांच्या संगमाने. टुल्ला या अभियंत्याच्या आराखड्यानुसार 1817 पासून ऱ्हाइनची वळणे सरळ करण्यात आली, तरी मानहाइमच्या वरच्या अंगाला मोठ्या मालवाहू नौका नेणे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत अवघडच होते. साहजिकच धान्य आणि कोळसा इथे उतरवून रेल्वेने पुढे जाई, गोदामे आणि गिरण्या उभ्या राहत आणि त्यांच्यामागोमाग कारखानेही येत. 1886 मध्ये कार्ल बेंझ यांनी आपल्या मोटारगाडीचे पेटंट घेतले, तेव्हा त्यांचा कारखाना इथेच होता. लांझ यांचा ट्रॅक्टर कारखाना 1956 मध्ये जॉन डिअर या अमेरिकी कंपनीकडे गेला. चाकण आणि सणसवाडी पाहिलेल्या आपल्या अभियंत्यांना ही नावे परकी वाटू नयेत.

बीएएसएफ या रसायन कंपनीची स्थापनाही 1865 मध्ये मानहाइममध्येच झाली. परंतु हवी ती जागा इथे न मिळाल्याने तिचा कारखाना पलीकडच्या काठावर, लुडविग्सहाफेनला उभा राहिला. तो काठ तेव्हा बव्हेरियाच्या राज्यात होता आणि आजही दोन काठांवर दोन वेगळी राज्ये आहेत. नवागतांनी ही गोष्ट मनात पक्की ठेवावी, असे मला कळकळीने वाटते, कारण अनेकजण मानहाइमला राहतात आणि पूल ओलांडून कामाला जातात. राहण्याची नोंदणी आपण जिथे राहतो त्या शहराच्या कार्यालयात, घरात आल्यापासून दोन आठवड्यांत करावी लागते. नोकरीची जागा तिथे विचारात घेतली जात नाही. सुट्ट्या मात्र कामाच्या ठिकाणच्या राज्याप्रमाणे मिळतात. 6 जानेवारीला मानहाइममध्ये सुट्टी असते आणि दुकाने बंद असतात, पण लुडविग्सहाफेनमध्ये तो कामाचा दिवस असतो. त्या दिवशी दूध-भाजी संध्याकाळी परतताना तिकडूनच आणावी.