बडोद्यात जुन्या झाडाचं घर घेतलंत? वर्षभर कुऱ्हाड नको

सामान उतरवून आठवडा होत नाही तोच फाटकाशी एक सायकल थांबेल. कॅरिअरला दोरखंड, पिशवीत कुऱ्हाड. "बेन, झाड कपाववुं छे?" तुमच्या आवारात जुना कडुनिंब असेल, फांद्या गच्चीवर टेकल्या असतील, पन्हळीत पाला साचला असेल. माणूस म्हणेल, पैसे देऊ नका, लाकूड मी नेतो. तिथेच सावध व्हा. ज्याची मजुरी लाकडात आहे, त्याला तुमच्या झाडाची प्रत्येक जाड फांदी धोकादायकच दिसणार.

सांगली सोडून आम्हाला सत्तावीस वर्षं झाली. मांजलपूरच्या सोसायटीत हे टेनामेंट घेतलं (बैठ्या घराला इथे हाच शब्द), तेव्हा मागच्या अंगणात एकट्याच्या कवेत न मावणारा कडुनिंब होता. दुसऱ्याच वर्षी मी तो शेंड्यापासून बोडका करून घेतला. पुढच्या पावसाळ्यात प्रत्येक खुंटातून झाडूसारखे दहा-बारा कोंब फुटले आणि झाडाला जोम आला म्हणून मी खूश. जोम कसला, पानं गेली म्हणून उपाशी झाड साठवणीतलं काढून खात होतं. असे कोंब जुन्या फांदीच्या गाभ्यातून निघत नाहीत, नुसते सालीलगत चिकटलेले असतात. खाली खुंट कुजत जातो आणि वर कोंब जड होत जातो. चौथ्या पावसाळ्यात त्यातलाच एक, मनगटाहून जाड, शेजारच्या अॅक्टिव्हावर पडला. मधल्या काळात मागच्या खोलीला एसी बसवावा लागला तो वेगळाच. शेजारच्या मासी अजून ऐकवतात, "लीमडो काप्यो ने पछी एसी लाव्या!"

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की पहिलं वर्ष झाड नुसतं बघा. वाळलेली फांदी काढायला हरकत नाही, पण हिरव्याला हात नको. बडोद्याचा मे सरला की कळतं दुपारी चार वाजता पश्चिमेच्या भिंतीवर सावली कोण धरतं. फाल्गुनात कडुनिंब जवळजवळ उघडा होतो तेव्हा नवी माणसं घाबरतात, झाड मेलं म्हणतात. पाडव्याच्या आसपास तांबूस पालवी येते आणि मोहोराचा वास घरभर होतो. गुलमोहरही एप्रिलमध्ये वठल्यासारखा दिसतो. त्याच महिन्यात कावळ्यांची घरटी सुरू होतात, आणि कोकिळा त्यांच्यावर लक्ष ठेवून असते. हे सगळं एकदा बघितल्यावर कापायच्या फांद्यांची तुमची यादी आपोआप आखूड होईल.

नावांचा घोळ आधी मिटवून घ्या. माळ्याला 'लीमडो' म्हटलं की कडुनिंब; भाजीवालीकडे 'मीठो लीमडो' म्हटलं की कढीपत्ता. आपण ज्याला बिनदिक्कत अशोक म्हणतो तो कुंपणालगतचा उंच, लोंबत्या पानांचा, इथला आसोपालव. खरा अशोक वेगळा, नारिंगी-लाल फुलांचा. आणि वडाबद्दल काय सांगायचं, गावाचं नावच त्याच्यावरून आहे. इ.स. 812च्या ताम्रपटात हे गाव 'वडपद्रक' म्हणून येतं. एवढं असून वटपौर्णिमेला इथे कुणी वडाची फांदी विकत आणून कुंडीत खोचली, तर मला हसू आवरत नाही. दोन गल्ल्या चाला, वड भेटेल.

झाडाचं खरं नुकसान वर होत नाही, खाली होतं. नवं घर म्हटलं की आपण पहिल्यांदा अंगणात पेव्हर ब्लॉक बसवतो, तेही खोडाला टेकवून. मुळं पाताळात जातात ही समजूत सोडा. अन्नपाणी ओढणारी बहुतेक बारीक मुळं वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. आमच्या ओळीतल्या एका आंब्याभोवती घराची जमीन उंच करायची म्हणून दोन फूट भराव टाकला. पहिल्या वर्षी काहीच झालं नाही. तिसऱ्या वर्षी शेंडे वाळायला लागले तेव्हा घरमालक औषध फवारत होते! खोडाभोवती निदान चार-पाच फुटांचं मातीचं आळं उघडं ठेवा, आणि खोडाच्या बुंध्याशी जो पसरट फुगवटा असतो तो मातीबाहेर दिसलाच पाहिजे.

इथली माती बऱ्याच ठिकाणी काळी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसात फुगून चिकट. कुंपणाची भिंत तडकली की लोक मुळांना दोष देतात. पुष्कळदा ती मातीच वरखाली होत असते. अशा मातीत घराशेजारचं मोठं झाड एकाएकी काढलं तर ते जे पाणी ओढायचं ते मातीतच राहायला लागतं, ती फुगते आणि उलट पायाच हलू शकतो. गटाराच्या पाइपाचंही तसंच. मूळ धडधाकट पाइप फोडत नाही, आधीच गळणाऱ्या सांध्यातून आत शिरतं. सांधा दुरुस्त करा.

पाणी घालायचंच असेल तर मे महिन्यात पंधरा दिवसांतून एकदा, रात्री, घेराच्या कडेला नळी हळू सोडून ठेवा. रोज बुंध्याशी बादली ओतून काही होत नाही. पाला जाळू नका, चार बोटं जाडीचा थर आळ्यातच पसरा, खोडापासून वीतभर लांब. त्या थराखाली काळ्या मातीला भेगा कमी पडतात, हे मी दरवर्षी बघते. खोडावर मातीच्या नळ्या चढलेल्या दिसल्या की कुणी तरी 'उधई, उधई' ओरडेल. वाळवी बऱ्याचदा वरची मेलेली सालच खात असते. नळ्या ब्रशने झटका, आतली साल जिवंत आहे का बघा, मग घाबरायचं की नाही ते ठरवा.

आता कापणं. मोठी छाटणी दिवाळी ते होळीच्या दरम्यान उरका. (आंबा मात्र फळं उतरल्यावर.) फांदी जिथे खोडातून निघते तिथे सालीची सुजल्यासारखी वळी असते, काप त्या वळीच्या जरा बाहेर पडला पाहिजे. खोडाला घासून नाही आणि हातभर खुंट ठेवूनही नाही. झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. बिघडलेला भाग झाड आत कोंडतं आणि त्यावर नवं लाकूड चढवतं. ते काम त्या वळीतून होतं. जड फांदी असेल तर आधी हातभर पुढे खालून थोडा काप, त्याच्या जरा पुढे वरून आरपार, आणि ओझं खाली गेल्यावर शेवटी राहिलेला खुंट. खालचा काप टाळला की फांदी पडताना खोडाची साल पट्ट्यासारखी ओढून नेते. माळी गेरू नाहीतर डांबर फासायचा आग्रह धरेल. नको म्हणा. आणि शेंडा छाटायचा नाही, हे शेजारच्या अॅक्टिव्हापायी मला झालेल्या खर्चावरून शिका.

धोका कुठला खरा? खोड एका बाजूला कललेलं असणं वेगळं आणि या पावसात नव्याने कललेलं, मागच्या बाजूची माती उचललेली, हे वेगळं. दुसऱ्या प्रकारात त्याच दिवशी माणूस बोलवा. बुंध्याशी लाकडासारखी कडक, पंख्याच्या आकाराची अळंबी आली असेल, विशेषतः गुलमोहराला, तर मुळं आतून कुजत असण्याची शक्यता मोठी. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, मुळं उथळ, लाकूड ठिसूळ. त्याच्याखाली गाडी लावू नका. ऑगस्ट 2024मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी सोसायट्यांत शिरलं होतं. कित्येक दिवस भिजलेली माती मुळांना धरून ठेवत नाही, म्हणून पाणी ओसरलं की सगळ्या आधी बुंधा तपासायचा.

आवारातलं झाड असलं तरी ते तोडायला महानगरपालिकेची परवानगी लागते. फोटो काढून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तारांना लागणाऱ्या फांद्यांसाठी स्वतः चढू नका, कुणाला चढवूही नका. वीज कंपनीला सांगा, ते पुरवठा बंद करून कापतात.

उत्तरायणाचं (संक्रांतीला इथे पतंगांचा मोठा सण असतो) वेगळं सांगते, कारण महाराष्ट्रातून येणाऱ्याला याची कल्पना नसते. जानेवारी उजाडला की गच्चीवरची पोरं येऊन गोड बोलतील, "मासी, आटली डाळी कपावी नाखो ने," कारण पतंग अडकतो. त्यांना तिळाची चिक्की द्या, फांदी देऊ नका. पण 16 तारखेला लांब बांबूला आकडा बांधून झाडातली दोरी उतरवायची जबाबदारी तुमची. मांजा महिनोन्महिने तिथेच लटकतो आणि त्यात वटवाघळं, घारी, पोपट अडकतात. जखमी पक्ष्यासाठी 1962 हा नंबर लक्षात ठेवा. दिवाळीची रोषणाईही खाली उतरवा. माझ्या कडुनिंबावर एक तार राहून गेली होती. सात-आठ वर्षांनी सालीने ती गिळली, आणि आता तिथे करगोटा काचल्यासारखा खोल वण आहे.

एखादं झाड खरंच काढावं लागलं तर लाकडाचा भाव आणि मजुरी वेगवेगळी ठरवा, आणि काय काय कापायचं ते खडूने खुणा करून दाखवा. बदल्यात लावायला नर्सरीवाला कोनोकार्पस पुढे करेल, भराभर वाढतो म्हणून. 2023मध्ये गुजरात सरकारने त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. जांभूळ घ्या, जागा असेल तर कडुनिंबच घ्या. पाडव्याला सकाळी सहापासून अर्धी सोसायटी पाल्यासाठी फाटक वाजवेल, त्या दिवशी खालच्या फांदीची छाटणी फुकट होते.