पाकिटाची मागची बाजू कशी वाचावी

पाकीटबंद पदार्थ घेताना दर्शनी बाजूवरील ‘मल्टिग्रेन’ किंवा ‘बेक्ड’ या शब्दांवर विसंबू नये. पाकीट उलटे करून घटकपदार्थांची यादी पाहावी. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने देण्याचे बंधन असल्यामुळे, मैदा, साखर आणि पामतेल सुरुवातीलाच असून नाचणी दोन-तीन टक्क्यांवर आटोपली असेल, तर ते बिस्किट मैद्याचेच समजावे. इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज आणि डेक्स्ट्रोज हीदेखील साखरेचीच रूपे होत.

त्यानंतर सोडियमचा आकडा शोधावा. माझ्या मते सर्वसाधारण घरासाठी कोणत्याही कृत्रिम रंगापेक्षा अधिक काळजीचा आकडा हाच आहे, कारण जास्त मिठाने रक्तदाब वाढतो. सोडियमला अडीचने गुणले की मिठाचे प्रमाण मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. समजा, नूडल्सच्या तक्त्यात 100 ग्रॅममागे 1200 मिलिग्रॅम सोडियम आहे. तर 70 ग्रॅमच्या एका पाकिटातून 840 मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे सुमारे 2.1 ग्रॅम मीठ पोटात जाते, आणि दिवसभरातील वरण-भाजी, लोणचे व पापड यांतील मीठ त्यात धरलेलेच नाही. तक्ता 100 ग्रॅमचा आहे की एका वाढपाचा, हेही तपासावे.

‘आयएनएस’ (खाद्यपदार्थांत मिसळल्या जाणाऱ्या रंग, परिरक्षक वगैरेंची आंतरराष्ट्रीय क्रमांकपद्धती) पुढील प्रत्येक क्रमांकाला घाबरण्याचे कारण नाही: 300 म्हणजे क जीवनसत्त्व, 330 म्हणजे सायट्रिक आम्ल. मात्र 102 आणि 110 हे कृत्रिम रंग मुलांच्या खाऊत शक्यतो टाळावेत. ते वापरलेल्या पदार्थांवर, मुलांच्या चंचलतेवर व एकाग्रतेवर विपरीत परिणाम होऊ शकतो असा इशारा छापणे युरोपीय संघात 2010 पासून बंधनकारक आहे. सॉसेज, सलामी यांत बहुधा 250, म्हणजे सोडियम नायट्राइट, असते. प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक असल्याचा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये जाहीर केला असून मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी त्याचा संबंध स्पष्ट आहे. म्हणून असे मांस डब्यात रोज देऊ नये.

ट्रान्स फॅटवर, म्हणजे वनस्पती तुपात आढळणाऱ्या, हृदयाला अपायकारक चरबीवर, भारतात जानेवारी 2022 पासून पदार्थातील एकूण तेल-तुपाच्या 2 टक्क्यांची मर्यादा आहे. सुट्या विकल्या जाणाऱ्या खारी-टोस्टवर मात्र बहुधा तक्ता नसतो. तेथे ते वनस्पती तुपात केले आहेत का, हे बेकरीवाल्यालाच विचारावे.